मोठं गणित, ल्हान गणित

९ फेब्रुवारी, सोमवार

ही वही सुविधाने आणून दिली. म्हणाली, शाळेतलं जे काय डोक्यात घोळत असतं ते हिच्यात लिहा, जेवताना मला सांगू नका. तिचा मुद्दा मला पटला नाही, पण वहीला समास आखलेला आहे आणि कागद बरा आहे, म्हणून लिहितो.

आज सुमन मॅडमनी हेडमास्तरांच्या खोलीत बोलावून घेतलं. त्या हेडमिस्ट्रेस झाल्या तरी खोलीला आम्ही अजून हेडमास्तरांचीच खोली म्हणतो. विषय गणिताचा. नववीपासून आता गणित दोन तऱ्हेचं आहे. कागदावर त्यांची लांबलचक नावं आहेत, मुलं मात्र मोठं गणित आणि ल्हान गणित म्हणतात. मोठं घेतलं तर पुढे अकरावीला विज्ञानाबरोबर गणित मिळतं. ल्हान घेतलं तर ती वाट बंद. मोठं गणित मी शिकवतो. ल्हान गणित विनिता टीचर शिकवते. ती दोन वर्षांपूर्वी लागली, आणि तिला खडू नीट धरता येत नाही.

मॅडमनी आठवीच्या मुलांचा कल पाहिला. मोठं गणित घ्यायला सहा जण तयार आहेत. संस्थेचं म्हणणं, पंधरा तरी हवेत, नाहीतर एप्रिलपासून आमच्या शाळेत मोठं गणित बंद. ज्याला हवं त्याने डिचोलीला जावं. मग माझं काय, असं मी विचारलं. मॅडम खिडकीकडे बघत म्हणाल्या, संस्थेच्या वाळपईच्या शाळेत गणिताचा शिक्षक कमी आहे.

वाळपई मला नको. गाव वाईट आहे असं नाही. पण या शाळेत मी चोवीस वर्षं शिकवलं, आणि हा फळा माझ्या उंचीवर लावून घेतलेला आहे.

मुलं कमी होण्याचं कारण उघड आहे. मोबाईल.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज आठवीला सलग दोन तास 'मोठ्या गणिताचं आयुष्यातलं स्थान' या विषयावर बोललो. मुलं इतकी शांत होती की पंख्याचा कुरकुर आवाज ऐकू येत होता. माझ्या वर्गाची ही शिस्त पाहून मागे एकदा तपासायला आलेले अधिकारीही चकित झाले होते. शेवटी 'कोणाला शंका?' असं विचारलं. कोणालाही नव्हती. म्हणजे समजलं.

संध्याकाळी मॅडमनी सांगितलं, सहाचे चार झाले.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

विनिता टीचरची तक्रार करावी लागली. माझ्या शेजारच्या वर्गात तिचा तास होता आणि तिथून हसण्याचा आवाज येत होता. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. दारातून पाहिलं तर टेबलावर पाववाल्या पोदेराकडची काकणं मांडलेली, ती गोल, कडक, बांगडीसारखी पावाची. मुलं दोऱ्याने त्यांचा परीघ मोजत होती, व्यास मोजत होती, आणि भागाकार आला की ते काकण चहाच्या कपात बुडवून खात होती. प्रत्येकाचं उत्तर तीनच्या थोडं पुढे येत होतं आणि त्याचं त्यांना मोठं नवल वाटत होतं. एका मुलीने विचारलं, बारीक काकण घेतलं तर? टीचर म्हणाली, घेऊन बघ की.

मी मॅडमना स्पष्ट बोललो. परीघ खाऊन टाकल्यावर सिद्ध काय करणार? मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि मला एक काकण दिलं. टीचरने ऑफिसातही पाठवली होती.

काकण ताजं होतं. पण तो मुद्दा नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

ठरवलं, घरोघर जायचं. मुलांना काय कळतं? पालकांना पटलं की झालं.

पहिल्यांदा गोकुळदासच्या दुकानात गेलो. त्याचं नळ-पाइपांचं दुकान आहे, आणि मुलगा निहार आठवीत माझ्यासमोर पहिल्या बाकावर असतो. गोकुळदासने खुर्ची दिली, कोकम सरबत दिलं, आणि विषय काढल्यावर मान हलवली. "सर, निहाराक मोठां गणित नाका. तो सांगता, सरांचो आवाज आयकलो की आकडे पळतंत."

मी त्याला समजावलं की आकडे पळणं ही चांगली खूण आहे. काही मुलांच्या डोक्यात हिशेब इतक्या वेगाने चालतो की हाताला गाठता येत नाही. अशा मुलाला ल्हान गणितात घालणं म्हणजे त्याचं नुकसान. गोकुळदासने समोरचा एक नळ उघडून बंद केला. मग म्हणाला, तुम्ही सांगताय तर घालू. निहार आतल्या दारात उभा होता, तो वळून आत गेला. लाजाळू आहे.

८ मार्च, रविवार

शिगमोचे, म्हणजे शिमग्याचे दिवस. मी दारात उभा राहिलो की लोकांना वाटतं रोमटाच्या मिरवणुकीची वर्गणी मागायला आलो. दोन घरांत नारळ दिला. परत देणं बरं दिसलं नसतं.

आज सर्वण गावात दिनकरच्या खोलीवर गेलो. हा मूळचा चंदगडकडचा, डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. बायको अनुसया, मुलगी स्वाती. स्वाती हुशार आहे, पण वर्गात उभं केलं की पायाच्या अंगठ्याकडे बघते. मी मोठ्या गणिताचे फायदे सांगितले. दिनकर म्हणाला, "सर, मला यातलं काय कळत न्हाई. पोरीला इचारा." मुलीला विचारायची पद्धत मला पसंत नाही, पण विचारलं.

ती अंगठ्याकडे बघू लागली. मग आईच्या पदराकडे सरकून म्हणाली, "सर, तुमच्या तासाच्या आधी पोटात दुखतं."

माझा तास मधल्या सुट्टीनंतर असतो. तेव्हा हा सगळा दोष मधल्या सुट्टीतल्या खाण्याचा आहे हे माझ्या लगेच लक्षात आलं. अनुसयाला ओवा चावायला द्यायला सांगितलं, आणि उद्या शाळेतल्या खाण्याची चौकशी करायला हवी. बाकी दिनकर हो म्हणाला. सर घरी आले, त्यांना नाही कसं म्हणायचं, असं तो बायकोला म्हणत होता ते मला बाहेर ऐकू आलं. गुरूबद्दल असा आदर आता आपल्याकडे कमी झाला आहे.

१५ मार्च, रविवार

चौदा पालक तयार. मुलांना विचारायची गरज पडली नाही, स्वाती सोडून.

पंधरावी घरचीच. आमची गौरवी. गेलं वर्षभर ती माझ्याच वर्गात आहे, आणि घरची म्हणून मी तिला एकदाही सवलत दिलेली नाही. उलट अवघड उदाहरण आलं की फळ्यावर पहिली तिलाच बोलावतो. कधी कधी अडते. घरी येणारं उदाहरण वर्गात का अडतं हे मला कळत नाही. तेव्हा मी सगळ्या वर्गासमोर सांगतो, सरांच्या मुलीचं हे असं, तर बाकीच्यांचं काय? यातून बाकीच्यांना हुरूप येतो.

जेवताना सुविधाला सांगितलं, पंधरा झाले. ती भाकरी भाजत होती. "गौरवीक विचारलंत?"

मी म्हणालो, घरच्या माणसाला काय विचारायचं.

तिने भाकरी उलटली आणि म्हणाली, "विचारून बघा." गौरवी पडवीत बसून कागदावर त्रिकोणांत त्रिकोण काढत होती. मी म्हटलं, ही पाडव्याची रांगोळी आत्तापासूनच का? ती म्हणाली, रांगोळी नाही, विनिता टीचरने शनिवारी एक कोडं दिलंय. कोडी ठीक आहेत. उद्या मोठ्या गणितात कोड्यांना वेळ मिळणार नाही.

२१ मार्च, शनिवार

आज पालकसभा झाली. लिहायचं नव्हतं, पण ही वही आहेच समोर.

सुमन मॅडमनी सभा वेगळ्याच तऱ्हेने घेतली. पालक मागे बसले. मुलांना त्यांनी सांगितलं, मोठं गणित हवं त्याने डाव्या बाजूच्या खुर्च्यांवर बसावं, ल्हान हवं त्याने उजव्या. घरी काय ठरलं ते बाजूला ठेवा, तुम्हाला काय हवं ते करा. मी डावीकडे उभा होतो. नवा शर्ट घातला होता.

मुलं उठेनात. एकमेकांकडे बघत बसली. मग गौरवी उठली. मी तिच्यासाठी पहिल्या ओळीतली खुर्ची थोडी पुढे ओढली. ती माझ्याकडे बघून थांबली, क्षणभरच, आणि उजवीकडे जाऊन बसली.

त्यानंतर सगळ्यांनाच पाय फुटले. स्वाती उठली, निहार उठला, माझे चौदाच्या चौदा उठले, आणि त्यांतले बहुतेक उजवीकडे गेले. गोकुळदासने मागून निहारला हाक मारली, पण निहारने मान वळवली नाही. डावीकडे मोजके पाच जण उरले. त्यांतला एक चुकून बसला होता, तो नंतर उठला.

सगळे माझ्याकडे बघत असावेत. मी भिंतीजवळ जाऊन पंख्याचं बटण तपासलं. पंखा चालू होता. बंद केला, पुन्हा चालू केला.

येताना गौरवी स्कूटरवर मागे बसली होती. बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण वाटेत पुलावर एक खाणीचा ट्रक आडवा होता आणि थांबावं लागलं. विचारलं, गणित कठीण वाटतं का? ती नाही म्हणाली. मग?

"माका गणित आवडता, पप्पा. म्हणूनच मोठां घेतलंय नाय."

हे काही उत्तर झालं नाही. मी तिला तसं सांगितलं. तिने स्कूटरची मागची दांडी धरली. मग म्हणाली, "तुमी माझ्याकडे बघलात काय माका येता ता जाता. आणि घरी इल्यार तुमी सरच आसतात. मगे माझां गणित खंय रवतला?"

ट्रक हलला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या, म्हणून स्कूटर सुरू केली. 

२२ मार्च, रविवार

भूक नाही. सुविधाने आंबील करून दिली.  'मगे माझां गणित खंय रवतला', म्हणजे तिचं गणित कुठे राहणार, याचा अर्थ काय? गणित एकच असतं. माझं आणि तुझं असं त्यात काही नसतं. हे मी पंचवीस वेळा स्वतःशी म्हटलं.

वाळपईला बसने किती वेळ लागतो ते विचारून आलो.

२४ मार्च, मंगळवार

विनिता टीचर स्टाफरूममध्ये माझ्यासमोर येऊन बसली. हातावर खडू, केसांत खडू. तिने सरळच सांगितलं. मुलांशी ती बोलली. मोठं गणित त्यांना हवं आहे, वीसएक जणांना तरी, पण ते तिने शिकवावं असं त्यांना वाटतं. मॅडमनाही ते चालेल. "पण तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी घेणार नाही, सर. मी तुमचीच विद्यार्थिनी आहे."

ती माझी विद्यार्थिनी होती हे मी विसरलो होतो. आता आठवलं. शेवटच्या बाकावर बसायची. एकदाही हात वर केला नव्हता. तरी पास झाली, ते माझ्यामुळेच.

मी विचार करून सांगतो म्हणालो. त्यानंतर विचार केला नाही, नुसता राग आला. दहावीच्या बोर्डाचा पेपर तिने कधी शिकवलेला नाही. काकणं खाऊन द्विघाती समीकरणं सुटत नाहीत.

२८ मार्च, शनिवार

आठवीची परीक्षा संपली. तरी विनिता टीचर शनिवारी मुलांना बोलावते. फणसाच्या झाडाखाली फळा टेकवून बसतात. मी सामानाची नोंद करायला शाळेत गेलो होतो. तिथून जायचं होतं, पण गौरवीचा आवाज ऐकू आला म्हणून प्रयोगशाळेच्या कोपऱ्याशी थांबलो.

ती भांडत होती. माझी गौरवी, जी घरी मासळी आवडली नाही तरी न बोलता पानात उरवते. "टीचर, चुकलात. हंयसर त्रिकोण दोनदा धरलात."

मला वाटलं आता टीचर ओरडणार. टीचर म्हणाली, "खंय? दाखय बघू."

गौरवीने खडू घेतला आणि दाखवलं. हातवारे करत, मोठ्याने, मध्येच हसत. स्वातीने तिला अडवलं, "आगं, पण मग हा कोपरा?" आणि दोघी त्या कोपऱ्यावरून भांडल्या. स्वाती अंगठ्याकडे बघत नव्हती. निहार झाडाच्या मुळावर उभा राहून सांगत होता की दोघींचंही चुकलंय. टीचर मांडी घालून बघत होती. शेवटी गौरवीचं बरोबर निघालं. मी मनातल्या मनात तपासलं. तिची रीत माझ्या रीतीपेक्षा चार पायऱ्या लहान होती. ती मला सुचली नसती.

हे इथे लिहितो, कारण वही माझी आहे.

मी किती वेळ उभा होतो ठाऊक नाही. नळावर पाणी भरायला आलेल्या बाईने विचारलं, सर, कायतरी हरवलां? मी नाही म्हणालो आणि तिथून निघालो.

३० मार्च, सोमवार

मॅडमना जाऊन सांगितलं, मोठं गणित विनिता टीचरला द्या, ल्हान मी घेतो. कारण विचारायच्या आत मीच दिलं. कच्च्या मुलांना अनुभवी माणूस लागतो. पक्की मुलं काय, कोणीही शिकवलं तरी शिकतात.

मॅडम म्हणाल्या, अगदी बरोबर. त्यांचा चेहरा गंभीर होता. फक्त त्यांनी लगेच रुमाल तोंडाशी धरला. सर्दीचे दिवस आहेत.

वाळपईचा विषय संपला. घरी सांगितलं तेव्हा सुविधाने शिरा करायला घेतला. गौरवी आतून आली, दारात उभी राहिली, आणि 'खरंच?' असं विचारलं. मी म्हणालो, शाळेच्या सोयीसाठी. ती म्हणाली, हो, शाळेच्या सोयीसाठी. मग खूप वेळ पडवीत गुणगुणत होती.

७ एप्रिल, मंगळवार

शाळेचं नवं वर्ष आता एप्रिलातच सुरू होतं. उकाडा असह्य. पण आज घामाचं कारण वेगळं होतं.

ल्हान गणिताचा पहिला तास. निहार इथे आहे. त्याला ल्हानच हवं होतं, गोकुळदासलाही. सवयीने 'कोणाला शंका?' विचारलं आणि वहीकडे वळलो, तर मागून आवाज आला. ऋण गुणिले ऋण धन कसं होतं, सर?

मी म्हणालो, नियम आहे. चोवीस वर्षं हेच उत्तर पुरलं. निहार म्हणाला, नियम कळला, पण कसं? आणि त्याच्यामागे तीन-चार जणांनी माना डोलावल्या. ही मुलं पक्क्या मुलांसारखी घाबरत नाहीत. त्यांना गमवायला काही नाही.

मी समजावून पाहिलं. पटलं नाही. दुसऱ्या तऱ्हेने समजावलं, ते मलाच पटलं नाही. मग काय झालं कोण जाणे, मी खडू ठेवला आणि वर्गाच्या मध्ये उभा राहिलो. खिडकीची बाजू धन, दाराची बाजू ऋण. खिडकीकडे तोंड करून पुढे चाललो, खिडकीकडे गेलो. दाराकडे तोंड करून पुढे चाललो, दाराकडे गेलो. आता तोंड दाराकडे, म्हणजे ऋण, आणि चालायचं मागे मागे, म्हणजे पुन्हा ऋण. मी मागे मागे निघालो. जातो कुठे? सगळे ओरडले, खिडकीकडे! ते बरोबर होतं. पण वाटेत कपाट होतं.

धप्प आवाज झाला आणि नकाशे खाली पडले. वर्ग हसला. इतका हसला की शेजारच्या वर्गातून विनिता टीचर दारात आली. मी मुलांना गप्प करायला हात वर केला होता, पण निहार म्हणाला, "सर, आनी एकदा." त्याच्या तोंडावर खरंच कळल्याचा उजेड होता.

मी कपाट बाजूला सरकवायला लावलं आणि आणखी एकदा चाललो.

पाठ दुखते आहे. सुविधाने तेल लावलं. ती विचारत होती कसं लागलं, तर मी सांगितलं, ऋण गुणिले ऋण. 

२६ एप्रिल, रविवार

ल्हान गणिताचा पहिला धडा अजून संपलेला नाही. मुलं शंका विचारतात. एकाला उत्तर दिलं की दुसऱ्याला त्यातून नवी शंका येते. चुकीच्या शंकाही येतात, त्यांना जास्त वेळ लागतो. या गतीने अभ्यासक्रम कसा पुरा होणार याची मला काळजी आहे, आणि तरी मधल्या सुट्टीनंतर घंटा कधी होते याची मीच वाट बघतो. हा उन्हाचा परिणाम असावा.

मोठ्या गणितात बावीस मुलं बसली आहेत. मॅडमनी संस्थेला कळवलं.

आज दुपारी मी पडवीत पेपर वाचत होतो. गौरवी वही घेऊन आली आणि माझ्या शेजारी पायरीवर बसली. बहुपदीचं एक उदाहरण दाखवून म्हणाली, हे एका ठिकाणी अडतं. मी उठलो. शिकवताना मी उभाच राहतो. तिने माझा लेंगा धरून खाली ओढलं. "बसा हो पप्पा. हंय बसून सांगा."

मी बसलो. सांगितलं. ती मध्येच म्हणाली, नाही, असं नको, तिसऱ्या ओळीतूनच जाऊ. गेलो. वाट निघाली. मग तिने दुसरं उदाहरण काढलं, मग तिसरं. आमचा चहा थंड झाला. सुविधा दारातून दोनदा डोकावली आणि चहा गरम करते म्हणून न करताच आत गेली.

संध्याकाळी मी नीट विचार केला. गौरवी गणितात पक्की आहे. वर्गात तिला सगळं समजलं असतं, तर रविवारी वही घेऊन माझ्याकडे यायचं तिला काय कारण? एकच निष्कर्ष निघतो. विनिता टीचरचं शिकवणं अजून कच्चं आहे.

पण मी मॅडमना काही सांगणार नाही. मुलगी आहे नवी, शिकेल हळूहळू. तोपर्यंत गौरवीचं मी बघून घेईन.